बडोद्यातून ख्रिस्ती निवासी व्यसनमुक्ती केंद्रात पुरुषाला पाठवताना

घरातल्या पुरुषाची दारू सुटावी म्हणून आपल्याकडे आधी देवासमोर शपथ घ्यायला लावतात, मग माळ घालतात, मग एखादे वडीलधारे नातेवाईक मध्ये पडतात, आणि निवासी केंद्राचा विचार पुष्कळदा एखाद्या भयंकर रात्रीनंतरच होतो. अशा घाईत कोणी ख्रिस्ती संस्थेचे नाव सुचवले की काही जण धर्मांतराच्या भीतीने ते तिथल्या तिथे फेटाळतात, तर काही जण ‘पाद्री लोकांकडे शिस्त असते’ एवढ्याच भरवशावर माणसाला पाठवून मोकळे होतात. दोन्ही प्रकारांत केंद्र नेमके काय करते हे कोणी पाहिलेले नसते.

सुरुवात मात्र केंद्रापासून करू नये, डॉक्टरांपासून करावी. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप व प्रचंड अस्वस्थता अशी अवस्था होऊ शकते, जी उपचार न मिळाल्यास जीवघेणी ठरते. म्हणून पाठवण्यापूर्वी सयाजीराव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात किंवा ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याची तपासणी करून घ्यावी आणि दारू उतरवण्याचे हे पहिले दिवस कुठे व कोणाच्या देखरेखीखाली जाणार ते ठरवावे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे अनेक कुटुंबे डॉक्टरांनाही खरे प्रमाण सांगत नाहीत. ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि औषधाची मात्रा त्या खऱ्या आकड्यावरच ठरते. बोलायला जवळचे कोणीच नसेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस दूरध्वनी सेवा आहे.

त्यानंतर केंद्राची जातकुळी ओळखावी, कारण ‘ख्रिस्ती’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या पद्धती येतात. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन कॅथलिक परंपरेतून आलेले असले, तरी तिथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत संघटनेच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला अय्यंगार योगाची जोड दिलेली आहे. स्वतः अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या आरंभीच्या कल्पना ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आल्या, मात्र सभासदाने देवाचे कोणते रूप मानावे हे ती त्याच्यावरच सोडते. दुसऱ्या टोकाला टीन चॅलेंजच्या धर्तीवरची केंद्रे आहेत. पास्टर डेव्हिड विल्करसन यांच्या न्यूयॉर्कमधल्या कामातून निघालेल्या या पद्धतीत मुक्काम बहुधा वर्षभराचा असतो, आणि बायबलचा अभ्यास, प्रार्थना व शिष्यत्व हाच उपचाराचा गाभा मानला जातो. पहिल्या प्रकारात श्रद्धा उपचाराला बळ देते, दुसऱ्यात श्रद्धा हाच उपचार असतो. आपला माणूस यांपैकी कशात टिकेल, हे त्याच्याशी बोलूनच ठरवता येते.

केंद्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि जाताना शक्य तर त्या पुरुषालाही सोबत न्यावे. पहाटेची प्रार्थना, साफसफाई किंवा स्वयंपाकघरातले काम, गटचर्चा, वाचन, संध्याकाळची उपासना असा दिनक्रम बहुतेक ठिकाणी आढळेल. पहिले काही आठवडे फोन व भेटी मर्यादित ठेवण्याचीही प्रथा आहे. विचारायचे ते असे, की डॉक्टर किती वेळा येतात, रात्री कोणाला फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, आणि आधीपासून चालू असलेल्या नैराश्याच्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवतात की नाही. ‘आमच्याकडे औषध लागत नाही, प्रार्थनेने सुटते’ असे उत्तर मिळाले, तर माझ्या मते तिथूनच परत फिरावे. अनेक चांगली श्रद्धाधारित केंद्रे औषध आणि प्रार्थना यांत विरोध मानत नाहीत. चर्चा कोणत्या भाषेत होते हेही विचारावे, कारण मनातले दुःख आणि लाज गटासमोर मांडायची असते आणि पन्नाशीच्या मराठी गृहस्थाला ते इंग्रजीत जमणार नाही.

कायदा इथे कुटुंबाच्या बाजूने आहे, पण तो आधी रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राकडे नोंदणी प्रमाणपत्र मागावे. साखळीने बांधणे, जबरदस्तीने मुंडण करणे किंवा सक्तीने काम करवून घेणे या कायद्याला मान्य नाही. स्वेच्छेने दाखल झालेला माणूस साधारणपणे मागेल तेव्हा सुट्टी घेऊ शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, गंभीर स्थितीत आणि प्रथम जास्तीत जास्त ३० दिवसांसाठीच खुली होते. माणसे पाठवून त्याला घरातून गाडीत घालून नेण्याची सेवा जे केंद्र देऊ करते, त्याच्या हाती घरचा माणूस सोपवू नये.

धर्माचा प्रश्न दबक्या आवाजात नव्हे, सरळ विचारावा. उपासनेला बसणे सक्तीचे आहे का, हिंदू निवाशाला घरच्या देवाचा फोटो किंवा संध्याकाळचे नामस्मरण चालते का, बाप्तिस्म्याचा विषय मुक्कामात काढला जातो का, हे संचालकांकडून ऐकून प्रवेशाच्या कागदावर लिहून घ्यावे. बळाने किंवा आमिषाने धर्मांतर करण्यास गुजरातचा २००३ चा कायदा मनाई करतो, आणि प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. उलट आपणही हे मान्य करावे, की प्रार्थना हाच जिथे दिवसाचा आधार आहे, तिथे ती टाळून राहण्याची अपेक्षा धरणे योग्य नाही. ज्याला ते पटत नाही, त्याच्यासाठी पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे आहेत.

परत येण्याची तयारी तो आत असतानाच सुरू करावी. घरातल्यांनी अ‍ॅल-अ‍ॅनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा आधारगट) बैठकांची चौकशी करावी, उधारी आणि जुने सोबती यांचे काय करायचे ते ठरवावे, सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ आधीच घ्यावी. अफूजन्य पदार्थ किंवा त्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट त्याला आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलीच पाहिजे. काही महिने दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, त्यामुळे पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. पाय घसरलाच, तर लपवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना व केंद्राच्या समुपदेशकाला कळवावे आणि पुढची बैठक चुकवू नये.