साथीला विझार्ड असेल तर सपोर्ट स्पेल कोणते घ्यावेत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (इथले नियम २०१४ च्या पुस्तकातले) क्लेरिक किंवा बार्ड अशी साथ देणारी पात्रं खेळणारे बहुतेकजण सपोर्ट स्पेल (साथीदाराला मदत करणारे मंत्र) निवडताना फायटरला, म्हणजे शस्त्राने लढणाऱ्याला, डोळ्यांपुढे ठेवतात. पार्टीत (खेळाडूंच्या गटात) विझार्ड किंवा सॉर्सरर असा मंत्रांनी लढणारा असला की हिशोब बदलतो. त्याला जादा हल्ला नको असतो, त्याने टाकलेला स्लो (शत्रूला मंदावणारा) किंवा हिप्नॉटिक पॅटर्न (गुंगवणारा) टिकायला हवा असतो. म्हणून आधी त्याची यादी मागून घ्या, कॉन्सन्ट्रेशन लागणाऱ्या (लक्ष लावून धरून ठेवाव्या लागणाऱ्या, एका वेळी एकच) स्पेलवर खुणा करा आणि मगच स्वतःचे स्पेल ठरवा.

कॉन्सन्ट्रेशन चालू असताना मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे स्पेल सुटू नये म्हणून वीस बाजूंचा फासा. डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यातला जो मोठा तो. दोन फटके बसले तर दोन सेव्ह. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या विझार्डला +२ मिळतात, म्हणजे डीसी १० ला फाशावर ८ तरी पडायला हवेत: ६५ टक्के. एका फेरीत दोन फटके बसले तर स्पेल टिकण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर येते. ब्लेस या स्पेलचा डी-४ (चार बाजूंचा जादा फासा) मिळाला की एका फटक्याला ७७.५ आणि दोन फटक्यांना ६० टक्के. पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये (स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एकीत), तेही तिघांना. या कामासाठी हा स्पेल स्वस्तच.

अडचण अशी की ब्लेसलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. क्लेरिक स्वतः पुढच्या फळीत मार खात असेल तर ब्लेस आधी तुटतो आणि मागोमाग विझार्डचा स्पेलही धोक्यात येतो. अशा वेळी वॉर्डिंग बाँड बघा: दुसरी लेव्हल, एक तास, कॉन्सन्ट्रेशन नाही. एसी (हल्ला लागायला शत्रूने गाठायचा आकडा) आणि सेव्हला +१, शिवाय सगळं डॅमेज निम्मं. विझार्डला २४ चा फटका बसला तर एरवी डीसी १२, शक्यता ५५ टक्के. बाँड असेल तर डॅमेज १२, डीसी १० आणि ७० टक्के. पण ते १२ तुम्हालाही बसतात, आणि तुम्ही काही धरून ठेवलं असेल तर तुमचाही सेव्ह. दोघंही एकाच फायरबॉलमध्ये (मोठ्या भागावर पडणाऱ्या आगीच्या स्पेलमध्ये) सापडलात तर तुम्हाला स्वतःचं डॅमेज अधिक त्याचं निम्मं, म्हणून लांब उभे राहा, फक्त ६० फुटांच्या आत. प्रत्येकी ५० सुवर्णनाण्यांच्या दोन प्लॅटिनमच्या अंगठ्या लागतात. त्या खर्ची पडत नाहीत, पण दोघांनी घालून ठेवाव्या लागतात.

सँक्चुअरी (हल्ला करू पाहणाऱ्याला आधी सेव्ह करायला लावणारा संरक्षक स्पेल) विझार्डने मोठा स्पेल टाकून झाल्यावर टाका, आधी टाकलात तर तो स्पेल टाकतानाच सँक्चुअरी मोडेल. फायरबॉलसारख्या स्पेलपुढे तिचा उपयोग नाही. आणि ती बोनस अ‍ॅक्शनची (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीची) असल्यामुळे त्याच टर्नमध्ये ब्लेस टाकता येत नाही, फक्त कँट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल).

साथीदार फायरबॉलवाला असेल तर त्याला वाचवण्यापेक्षा शत्रूचा सेव्ह पाडणं जास्त फायद्याचं. ड्रुइडच्या एन्टँगल या स्पेलमध्ये अडकलेला शत्रू रिस्ट्रेन्ड होतो (जखडला जातो) आणि फायरबॉलला लागणारे डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) सेव्ह डिसअ‍ॅडव्हांटेजने, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरून, करतो. डेक्स्टेरिटी +१, डीसी १५ असेल तर त्याचा सेव्ह जमण्याची शक्यता ३५ वरून सुमारे १२ टक्क्यांवर येते. वेब हा जाळ्याचा स्पेलही रिस्ट्रेन्ड करतो, पण आगीने जळून जातो, तेव्हा फायरबॉलसोबत नको. फेअरी फायर या स्पेलची गल्लत तर नेहमीची: त्याने अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो तो हल्ल्याच्या फाशाला. वॉरलॉकच्या एल्ड्रिच ब्लास्टला सोन्यासारखा, फायरबॉलला शून्य.

हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) विझार्डवर वाया जातो. त्यातल्या जादा अ‍ॅक्शनमध्ये स्पेल टाकताच येत नाही, आणि हेस्ट मोडला की त्याची एक टर्न जाते. फॉग क्लाउड हा धुक्याचा स्पेलही जपून: विझार्डच्या बऱ्याच स्पेलना लक्ष्य दिसावं लागतं, काउंटरस्पेललाही (दुसऱ्याचा स्पेल रोखणाऱ्या). चौथ्या लेव्हलचा स्लॉट असेल तर विझार्डला ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा स्पेल) द्या. विझार्डने दुसरा स्पेल टाकला तरी ती मोडत नाही, आणि शत्रूला विझार्ड दिसला नाही तर त्याचा स्पेल काउंटरही करता येत नाही.

गाइडन्स या कँट्रिपचा डी-४ सेव्हला चालत नाही. मात्र काउंटरस्पेलने वरच्या लेव्हलचा स्पेल रोखताना जो फासा पडतो तो अ‍ॅबिलिटी चेक (पात्राच्या गुणावरची चाचणी) असतो, तिथे हा डी-४ मिळतो. २०२४ च्या नियमांत काउंटरस्पेल बदलला आहे, तिथे हा डाव लागू नाही.

टर्नचा क्रमही आधी बोलून घ्या. एन्टँगलवाला विझार्डच्या मागून खेळत असेल तर “थांब, माझा पडू दे” असं सहज सांगितलं जातं आणि विझार्ड फायरबॉल रेडी करून ठेवतो, म्हणजे ठरलेल्या क्षणी सोडायला धरून ठेवतो. रेडी केलेला स्पेल धरायलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, त्यामुळे आधीचा स्लो त्याच क्षणी सुटतो. ज्या फेरीत त्याच्याकडे धरलेलं काही नसेल, त्याच फेरीत हे सांगा.