ऋतू पाहून ताट, ऋतू पाहून वस्त्र: महानगरात जपानी खाद्य आणि वेशसंस्कृतीचा आस्वाद कसा घ्यावा

जगातल्या बहुतेक मोठ्या, अनेक संस्कृतींना सामावून घेणाऱ्या शहरांत जपानी रेस्टॉरंट सहज सापडते. प्रश्न असतो तो त्यांतून योग्य ते निवडण्याचा. जपानमध्ये रामेनचे (रश्शातल्या गव्हाच्या नूडल्सचे) दुकान रामेनच करते, सोबाचे (बकव्हीटच्या नूडल्सचे) दुकान सोबा, तर तेंपुरा (पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या आणि मासे) किंवा तोंकात्सू (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले डुकराचे मांस) करणारा स्वयंपाकी वर्षानुवर्षे तोच एक पदार्थ तळत असतो. परदेशात मात्र सुशी, रामेन, तेरियाकी आणि कात्सू करी एकाच जाडजूड मेन्यूत कोंबलेली दिसतात. असा मेन्यू दिसला की थोडे सावध व्हावे आणि शक्यतो एकाच प्रकारावर भर देणारी जागा शोधावी. अनेक पदार्थ निगुतीने देणाऱ्या इझाकाया, म्हणजे जपानी मद्यगृहे, अर्थात या नियमाला अपवाद आहेत, कारण मद्यासोबत लहान लहान बशा मागवत रेंगाळणे हाच तिथला रिवाज असतो.

रेस्टॉरंटची पारख करायची असेल तर सर्वांत स्वस्त पदार्थ, म्हणजे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सूप, आधी मागवावे. त्याचा पाया असतो दाशी: कोंबू नावाचे समुद्रशैवाल आणि वाळवून, धुरावून किसलेला बोनिटो मासा यांचा स्वच्छ, हलका अर्क. याच कोंबूमधून 1908 साली तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे केले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. दाशी चांगली असेल तर सूप खारटपणाच्या पलीकडे जाऊन जिभेवर रेंगाळते. ती पावडरीची असेल तर पहिल्या घोटानंतर उरते ते केवळ मीठ.

शाकाहारी वाचकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. मिसो सूपात, तेंपुराच्या पातळ सॉसमध्ये, नूडल्सच्या रश्शात आणि वरवर निव्वळ भाजीच्या दिसणाऱ्या शिजवलेल्या पदार्थांतही बहुधा माशाची दाशी असते. त्यामुळे ‘यात मासे आहेत का’ एवढेच न विचारता ‘दाशी कशाची आहे’ असे विचारावे. कोंबू आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांची दाशी करता येते आणि ती मुळीच कमअस्सल नसते. बौद्ध मठांतून आलेली शोजिन र्‍योरी ही पाकपरंपरा तर मांस-मासे आणि कांदा-लसूण यांच्याविनाच उभी आहे. ती देणारी जागा शहरात असेल तर मांसाहारी माणसानेही तिथे एकदा जेवावे, असे माझे मत आहे.

सुशीच्या बाबतीत पहिले लक्ष माशाकडे जाते, पण जाणकार आधी भात पाहतात. तो शरीराच्या तापमानाजवळ, कोमट असावा आणि तोंडात गेल्यावर सहज सुटा व्हावा. फ्रिजमधून काढलेला थंडगार गोळा मिळाला तर माशाच्या गुणवत्तेची चर्चा करण्यात अर्थ नाही. कच्चा मासा आधी गोठवलेला होता हे ऐकून नाराज होण्याचेही कारण नाही, कारण परजीवींचा नाश करण्यासाठी तसे करणे अनेक देशांत नियमानेच आवश्यक असते. काउंटरवर बसल्यास फिक्या, हलक्या माशापासून आरंभ करून चरबीयुक्त माशाकडे जावे आणि मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी आल्याचे लोणचे खावे; ते सुशीवर ठेवण्यासाठी नसते. निगिरी, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, हाताने खाल्ली तरी चालते. ती उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला किंचित लावावी, कारण भात बुडवला की तो सॉस शोषतो आणि विस्कटतो. स्वयंपाक्याने आधीच वासाबी ही झणझणीत हिरवी पेस्ट लावलेली असते, म्हणून ती आणखी सॉसमध्ये कालवण्याची गरज नसते. (अनेक ठिकाणी मिळणारी हिरवी पेस्ट ही खरी वासाबी नसून हॉर्सरॅडिश नावाचे रंगवलेले तिखट मूळ असते, हेही माहीत असावे.) निवड स्वयंपाक्यावर सोपवणारे ओमाकासे जेवण घ्यायचे असेल तर न चालणारे पदार्थ आरक्षण करतानाच कळवावेत आणि त्या दिवशी उग्र अत्तर लावू नये. एवढा खर्च नको असेल तर फिरत्या पट्ट्यावरची सुशी आहेच. ती पद्धत 1958 साली ओसाकात सुरू झाली आणि तिला दुय्यम मानण्याचे काही कारण नाही.

रामेन समोर येताच खावे, कारण नूडल्स रश्शात फुगत राहतात. सुर्र असा आवाज काढून खाणे जपानमध्ये असभ्य समजत नाहीत. चॉपस्टिकचे दोन निषेध मात्र पाळावेत. त्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

जपानी जेवणात ऋतूला मोठे स्थान आहे. युनेस्कोने 2013 साली वाशोकु, म्हणजे जपानी पारंपरिक आहारपद्धती, अमूर्त वारशाच्या यादीत घेतली तेव्हाही निसर्गाविषयीचा आदर हा तिचा गाभा मानला गेला. म्हणून छापील मेन्यूपेक्षा फळ्यावर किंवा वेगळ्या कागदावर लिहिलेले त्या दिवसाचे पदार्थ आधी पाहावेत. हीच दृष्टी घेऊन कपड्यांकडे वळले की किमोनो हे पारंपरिक वस्त्र एकदम समजू लागते: ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, भर उन्हाळ्यात झिरझिरीत विणीचा, आणि नक्षी शक्यतो येणाऱ्या ऋतूची, म्हणजे चेरी फुलण्याच्या थोडी आधी चेरीची.

किमोनो सुमारे 36 ते 38 सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक लांबीच्या एकाच ताग्यातून, सरळ रेषेत कापून शिवतात. त्यामुळे स्त्रियांच्या किमोनोची लांबी कमरेशी घडी घालून जुळवता येते, परंतु बाहीची लांबी तशी जुळवता येत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून किमोनो घेताना म्हणूनच मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचे माप सोबत न्यावे; जुन्या किमोनोंत ते बहुधा कमी पडते. पुरुषांच्या किमोनोत कमरेची घडी नसल्याने लांबीही नेमकी लागते. गळपट्टी, बाह्यांच्या कडा आणि अस्तर उजेडात धरून डाग पाहावेत, आणि रेशीम घरी धुता येत नाही याचा खर्च आधीच मनात धरावा. नवशिक्याने सुती युकाता (हलका उन्हाळी किमोनो) आणि अरुंद ओबी (कमरेला बांधायचा पट्टा) यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. नेसताना डावी बाजू उजवीच्या वर यावी. उलट नेसवतात ते मृतदेहाला.

परक्याने हे वस्त्र नेसावे का, हा प्रश्न काहींना पडतो. 2015 साली बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने प्रेक्षकांना एका चित्रातल्या किमोनोची प्रतिकृती अंगावर घालून पाहण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा निषेध झाला आणि ते थांबवावे लागले. माझ्या मते नेसण्याला हरकत नसावी. खटकते ते वस्त्राला सोंग बनवणे. कुठे काय शोभते हे विचारून घ्यावे, एवढे पुरे आहे.

आधुनिक जपानी फॅशनसाठी महागडी खरेदी आवश्यक नाही, पण दुकानात जाऊन शिवण मात्र जरूर पाहावी. डिझायनर इस्सेय मियाके यांनी 1993 साली सुरू केलेल्या ‘प्लीट्स प्लीज’ या कपड्यांच्या मालिकेत कपडा प्रत्यक्ष मापापेक्षा बराच मोठा शिवून मग त्याला चुण्या घालतात, तो इस्त्री न करता गुंडाळून ठेवायचा असतो. रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या डिझायनरांनी 1981 साली पॅरिसमध्ये मांडलेले काळे, असमान कापाचे कपडे मात्र हँगरवर कळत नाहीत, ते घालूनच पाहावेत. जपानी डेनिमची जीन्स घेताना तिच्या पायाची खालची कड उलटून आतली शिवण पाहावी: धोट्याच्या जुन्या अरुंद मागावर विणलेल्या कापडाचा बांधीव काठ तिथे दिसतो. ओकायामा प्रांतातला कोजिमा हा भाग या जीन्ससाठी प्रसिद्ध आहे. जपानी मापे अनेकदा एका आकाराने लहान येतात आणि बुटांचे माप पावलाच्या लांबीनुसार सेंटिमीटरमध्ये असते, म्हणून पाऊल मोजूनच जावे.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी युकाता नेसून जेवायला जायचे असेल तर रामेन टाळावे आणि थंड सोबा मागवावा. पदार्थाकडे हात नेताना दुसऱ्या हाताने बाही धरावी, मांडीवर रुमाल पसरावा, आणि ओबीने पोट आवळलेले असते हे लक्षात ठेवून नेहमीपेक्षा थोडे कमीच मागवावे.