काळ्या दगडाची घनता घरच्या वजनकाट्यावर कशी काढायची

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा चुकतं ते आकारमानात. दगडाचं वस्तुमान काटा लगेच सांगतो. ओबडधोबड दगडाला पट्टी कुठे लावणार?

मुंबईत बांधकामाची काळी खडी कुठेही दिसते. (रेल्वेच्या रुळांवरची मात्र उचलू नका.) हा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ते ३.० ग्रॅमच्या आसपास असते. तुमचं उत्तर १.९ किंवा ४ आलं, तर दगडाला दोष देऊ नका, मोजणी पुन्हा करा.

शाळेतली रीत मोजपात्राची. १०० मिलीच्या पात्रात ५० मिली पाणी घ्या, दोरा बांधलेला दगड हळूच सोडा, पातळी किती चढली ते बघा. काचेत पाण्याची कड वर चढलेली दिसते. वाचायचं ते मधल्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा बरोबर त्या उंचीवर आणून. उभ्याने वरून वाचलंत तर आकडा जास्त येतो. पण खरी अडचण पुढेच आहे. पात्राच्या तोंडातून ५६ ग्रॅमचा दगड जेमतेम आत जातो, त्याचं आकारमान येतं २० मिली. त्यात १ मिलीची चूक झाली तरी घनता २.८ ऐवजी २.६७ किंवा २.९५ होते.

म्हणून मोठा दगड घ्या आणि पाणीच काट्यावर ठेवा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

१. दगड घासून धुवा, पूर्ण वाळवा, वजन करा. समजा २८० ग्रॅम. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा. ओल राहिली तर वस्तुमान फुगतं.

२. रुंद तोंडाचा डबा पाऊण भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता पंखा बंद करा, वाऱ्याने आकडा नाचतो.

३. दगडाला बारीक शिवणाचा दोरा बांधा. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, त्यांवर आडवी लाकडी पट्टी, आणि पट्टीला दगड टांगलेला. हातात धरून हे जमत नाही, हात थरथरतो. पट्टी डब्याला टेकता कामा नये.

४. दगड पूर्ण बुडू द्या, पण तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. आकडा स्थिरावला की वाचा: समजा ९८ ग्रॅम.

हे ९८ ग्रॅम दगडाचं वजन नव्हे. पाणी दगडाला वर ढकलतं, तितक्याच बलाने दगड पाण्याला खाली ढकलतो, आणि काट्याला तेवढंच कळतं. हे बल म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. १ मिली पाणी जवळजवळ १ ग्रॅमचं, म्हणून आकारमान ९८ घन सेंटिमीटर. २८० भागिले ९८ म्हणजे २.८६. कॅल्क्युलेटर २.८५७१४२ दाखवेल, पण काटा १ ग्रॅमचाच असल्याने शेवटचे आकडे निरर्थक आहेत. किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये हीच घनता २८६०.

आकडा एकदम ९८ वरून २०० च्या पुढे उडाला, तर दगड तळाला टेकला आहे. घनता कमी येत असेल तर दगडाला चिकटलेले बुडबुडे बघा आणि काडीने झटका. प्रत्येक बुडबुडा आकारमानात भर घालतो. दगडाचं टोक पाण्याबाहेर राहिलं तर उलट, घनता खोटीच वाढते.

विटेचा तुकडा घेतलात तर आकडा हळूहळू उतरत जातो. वीट पाणी पिते, तितकी जागा ती कमी व्यापते. तिचं कोरडं वजन आधीच लिहून ठेवा, मग ती रात्रभर भिजवा, वरचं पाणी फडक्याने टिपा आणि त्यानंतरच टांगा.

गिरगाव चौपाटीचं पाणी वापरून बघायचं असेल तर आधी त्याचीच घनता काढा. एक लिटरची बाटली काठोकाठ नळाच्या पाण्याने भरून तोला, मग तीच समुद्राच्या पाण्याने. खुल्या समुद्राच्या पाण्याचा फरक साधारण २५ ग्रॅम येतो. पावसाळ्यात कमी, कारण गोडं पाणी मिसळलेलं असतं. फरक २५ आला, तर काट्यावरच्या आकड्याला १.०२५ ने भागून आकारमान काढायचं.