इंटिजर मॉडेल (काही चलं पूर्णांकच हवीत असं, सर्वोत्तम पर्याय शोधणारं गणिती मॉडेल) तासन्‌तास सुटत नसेल, तर

आधी पूर्णांकाची अट काढून तेच मॉडेल साध्या एलपीसारखं (लिनिअर प्रोग्रॅम, म्हणजे अपूर्णांक चालणारं रेषीय मॉडेल) चालवून पाहा. तेही रेंगाळलं, तर दोष ब्रँच-अँड-बाउंडचा, म्हणजे शाखा पाडत पूर्णांक उत्तर शोधण्याच्या पद्धतीचा, नाही.

मग सॉल्व्हरच्या, म्हणजे मॉडेल सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमधले दोन आकडे बघा: हाती लागलेलं सर्वोत्तम उत्तर आणि बाउंड (उत्तर याहून चांगलं असूच शकत नाही, ती मर्यादा). उत्तर सुधारत नसेल, तर सुरुवातीचं एखादं चालणारं उत्तर स्वतःच पुरवा. बाउंड हलत नसेल, तर मांडणी ढिली आहे, आणि चोर बहुतेकदा बिग-एमच असतो, म्हणजे ‘गोदाम बंद तर माल शून्य’ अशा अटीत ०-१ चलाला गुणलेला मोठा आकडा. सवयीने १,००,००,००० टाकू नका. सॉल्व्हर पूर्णांकात साधारण ०.०००००१ इतकी चूक पोटात घालतो. तिला त्या एक कोटीने गुणलं, की गोदाम ‘बंद’ दाखवूनही त्यातून १० एकक माल निघू शकतो! एम म्हणजे त्या गोदामाची खरी क्षमता, बस.

सहगुणकांत ०.००१ आणि दहा लाख एकत्र नांदत नाहीत. किलोऐवजी टन घ्या.

हायज या मुक्त सॉल्व्हरमध्ये गॅप (उत्तर आणि बाउंड यांच्यातला, थांबायला चालणारा फरक) मुळात ०.०१ टक्के असतो. माहितीच अंदाजाची असेल, तर १ टक्का पुरे.

‘इन्फीजिबल’ (सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही) आलं, तर प्रत्येक अटीला जबर दंडाचं सूट-चल (अट किती मोडली ते मोजणारं) जोडा. सूट जिथे वापरली जाईल, भांडण तिथेच शोधा.