आइस हॉकीपटूची ऑलिम्पिक कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

खेळाडूच्या आकड्यांच्या तक्त्यात आधी क्लबच्या आणि राष्ट्रीय संघाच्या ओळी वेगळ्या करा. त्यांची बेरीज करू नका. एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) नियमित हंगाम अनेक वर्षे ८२ सामन्यांचा होता, तर ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणारा संघही सहा-सात सामनेच खेळतो. एवढ्या थोड्या सामन्यांत एका रात्रीची हॅटट्रिक सरासरी कुठच्या कुठे नेते. म्हणून एका स्पर्धेवरून निष्कर्ष काढू नका, खेळाडू किती स्पर्धांत टिकला ते बघा. फिनलंडच्या टेमू सेलान्नेचे ४३ ऑलिम्पिक गुण १९९२ ते २०१४ मधल्या सहा स्पर्धांत मिळून झाले आहेत. त्या आकड्यावर खुशाल विसंबा.

आता रकाने. जीपी म्हणजे सामने, जी गोल, ए असिस्ट (गोल करणाऱ्याला दिलेला पास). गोल आणि असिस्ट, दोन्हींना प्रत्येकी एक गुण. एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांना असिस्ट मिळतो, त्यामुळे एका गोलचे तक्त्यात तीन गुण होऊ शकतात. शूटआउटमधला (बरोबरी फोडण्यासाठी एकेकाने मारलेल्या फटक्यांतला) गोल खेळाडूच्या खात्यात जमा होत नाही.

पीआयएम हा दंडाच्या मिनिटांचा रकाना आहे, चुकांच्या संख्येचा नाही. किरकोळ दंड २ मिनिटांचा, मोठा ५ चा, गैरवर्तनाचा १०. बारा मिनिटे म्हणजे सहा किरकोळ दंड असतील, नाहीतर एक किरकोळ आणि एक गैरवर्तनाचा. त्या सामन्याचा तपशील उघडल्याशिवाय खेळाडूला 'आडदांड' म्हणू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा गोलरक्षकाच्या सरासरीत होतो. खाल्लेले गोल भागिले सामने, असा हिशोब अनेकजण करतात. तो चुकीचा आहे. खाल्लेले गोल गुणिले ६०, भागिले प्रत्यक्ष खेळलेली मिनिटे, हे खरे सूत्र. समजा, एका गोलरक्षकाने पहिल्या सामन्यात ४० मिनिटांत ४ गोल खाल्ले आणि मग त्याला बाहेर काढले. दुसऱ्यात पूर्ण ६० मिनिटांत १. सामन्यांनी भागले तर २.५० येते, पण खरी सरासरी ३.००. जादा खेळाडू उतरवण्यासाठी गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळ्यात गेलेला गोल त्याच्या नावावर लागत नाही. हिशोब बरोबर असूनही आकडा फसवतो तो असा: १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेविरुद्ध सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याक पहिल्या सत्रानंतर बदलला गेला. साधारण २० मिनिटांत २ गोल, म्हणजे त्या सामन्याची सरासरी जवळजवळ ६.००! सोव्हिएत संघ ४-३ ने हरला, पण उरलेले दोन गोल त्याच्या जागी आलेल्या मिश्किनने खाल्ले.

तक्त्यात रिकामी जागा दिसली की त्या वर्षीचा नियम तपासा. एनएचएलचे खेळाडू १९९८ ते २०१४ च्या पाच ऑलिम्पिकमध्ये होते, २०१८ आणि २०२२ मध्ये नव्हते. २००४-०५ चा एनएचएल हंगाम पूर्ण रद्द झाला; त्या वर्षी अनेकजण युरोपात खेळले, तेव्हा तिथल्या लीगच्या नोंदी चाळा. महिलांची ऑलिम्पिक हॉकी १९९८ च्या नागानोपासून सुरू झाली, त्याआधीच्या खेळाडूंना जागतिक स्पर्धांत शोधावे लागते. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेल्या त्रेत्याकच्या नावापुढे एनएचएलचा एकही सामना नाही. एनएचएलच्या माँट्रियल संघाने त्याला १९८३ मध्ये ड्राफ्टमध्ये (लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडले होते, पण सोव्हिएत व्यवस्थेने जाऊ दिले नाही. अशा रिकाम्या ओळीवरून कुवत मोजणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

देशाचे नाव बदलले तरी खेळाडू तोच असतो. सोव्हिएत खेळाडू खोमुतोव्हची १९८४ आणि १९८८ ची सुवर्णे सोव्हिएत संघाच्या नावावर, १९९२ चे एकीकृत संघाच्या (सोव्हिएत संघ फुटल्यावर त्यातल्या देशांचा मिळून उतरलेला संघ). ओळी जोडल्या नाहीत तर एक पदक गळते.

राहिला 'शूट्स: एल' हा रकाना. तो डावखुरेपणा सांगत नाही. स्टिकवर डावा हात खाली असतो, एवढाच त्याचा अर्थ. उजव्या हाताने लिहिणारे कितीतरी खेळाडू असेच खेळतात.