स्नोमोबाईल पहिल्यांदा चालवताय? मग आधी स्कूटर विसरा

फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँडला जाणारे बरेच जण स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी मोटरसायकलसारखी गाडी, पुढे स्की आणि खाली फिरणारा पट्टा) सफारी बुक करतात आणि मनात एकच असतं, इतकी वर्षं टू-व्हीलर चालवतोय, यात काय एवढं. तसं अवघड नाहीच आहे, गिअर नाही, क्लच नाही, पण टू-व्हीलरच्या सवयीच तिथे नडतात, आणि निघायच्या आधी गाईड जे भराभर सांगतो त्यातलं निम्मं हेल्मेट घातल्यावर ऐकूच येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बुकिंगचं पटकन सांगते. चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, ओरिजिनल कार्ड जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, आणि इंटरनॅशनल परमिट लागेल का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. एका मशीनवर शक्यतो दोघं असतात, एकट्याला हवं तर जास्त पैसे. लहान मुलं गाईडच्या मागे जोडलेल्या स्लेजमध्ये बसतात. मशीन ठोकलं तर अमुक रकमेपर्यंत खर्च तुमचा अशा कागदावर सही घेतात, ती रक्कम नीट वाचा, नुसती सही ठोकू नका. पहिल्यांदा जात असाल तर दोन तासांची राईड भरपूर झाली. आणि महिना निवडता येत असेल तर माझं मत मार्च, बर्फ भरपूर असतो आणि उजेडही, डिसेंबरच्या उत्तरार्धात लॅपलँडमधल्या रोव्हानिएमी शहरात सूर्य जेमतेम दोन-अडीच तास वर असतो, म्हणजे बरीचशी राईड हेडलाईटच्या उजेडातच.

आता थंडी. बाहेर उणे 20 असेल आणि तुम्ही ताशी 40 किलोमीटरने जात असाल तर उघड्या कातडीला ते उणे 34 सारखं लागतं. वरचा जाडजूड ओव्हरऑल, बूट, हातमोजे, हेल्मेट हे सगळं सफारीवालेच देतात, आत काय घालायचं ते आपल्यावर. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, कॉटन अजिबात नको कारण घाम आला की ते ओलं राहतं आणि मग हुडहुडी थांबत नाही. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका, बोटं हलायला जागा नसेल तर पाय उलट लवकर गारठतात. तोंडावरची माकडटोपी नाकावर नीट बसवा आणि श्वास खाली सोडा, नाहीतर चष्म्यावर वाफ येऊन तिथेच गोठते. गाल किंवा नाक पांढरं पडून बधिर झालं तर चोळायचं नाही, लगेच गाईडला सांगायचं. फोन आतल्या खिशात, बाहेर ठेवलात तर बॅटरी बघता बघता झोपते. आणि हो, ओव्हरऑल चढवायच्या आधी बाथरूमला जाऊन या, नंतर ते सगळं उतरवणं म्हणजे कार्यक्रम असतो.

मशीनवर बसलात की पहिलं काम, किल-स्विचची दोरी अंगाला अडकवा, तुम्ही पडलात तर दोरी सुटते आणि इंजिन बंद. ब्रेक डाव्या हाताला, आणि ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखालचा छोटा खटका, स्कूटरसारखं मूठ पिळायचं काही नाही. इथेच घोळ होतो, माणूस घाबरला की हँडल घट्ट आवळतो, त्यात अंगठाही दाबला जातो आणि मशीन झाडाकडे सुसाट. त्यामुळे काहीही झालं तरी आधी अंगठा उचला, हे मनात घोकून ठेवा. अंगठा उचलला की बर्फामुळे मशीन आपोआपच बरंच हळू होतं. सुरुवातीला अंगठा हळूहळू दाबा, थोडा वेळ काहीच होत नाही मग एकदम पकड घेऊन मशीन पुढे जातं, तो पहिला झटका सगळ्यांनाच बसतो.

दुसरी सवय म्हणजे तोल गेला की पाय टेकवायचा. इथे तो टेकवायचाच नाही! मशीन दोनशे-अडीचशे किलोचं असतं, पाय बाहेर काढलात आणि ते कलंडलं तर पाय खाली. दोन्ही पाय फूटबोर्डवरच. वळणाच्या आधी स्पीड कमी करा आणि वळताना अंगठा अगदी हलका दाबलेला ठेवा, शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा, मागे बसणाऱ्यानेही त्याच बाजूला झुकायचं, तो उलटीकडे कलला तर वळण जड जातं. उतारावर आडवं जाताना वजन चढाच्या बाजूला. हँडल वाटतं त्याहून जरा जास्त वळवावं लागतं कारण पुढे चाकं नाहीत, स्की आहेत.

ट्रॅकवर गाईडच्या मागे त्याच्याच रेषेत राहा. बाजूचा बर्फ सपाट दिसतो पण मऊ असतो, त्यात गेलात तर ॲक्सिलरेटर दाबून निघायचा प्रयत्न करू नका, पट्टा खड्डा खणत खाली जातो, थांबा आणि हात वर करा. हात वर म्हणजे थांबा, आणि तो डावा, कारण उजवा अंगठा कामात असतो. पुढच्याने खूण केली की तुम्ही मागच्याला द्यायची. गोठलेल्या तळ्यावर पुढच्या मशीनचा बर्फ उडून काही दिसत नाही, अंतर वाढवा. तिथे मोकळं बघून रेस लावायची खुमखुमी येते, पण फिनलंडमध्ये जमिनीवर ताशी 60 आणि बर्फाळलेल्या पाण्यावर 80 ची मर्यादा आहे, शिवाय गाईडसोबत तुम्ही याच्या बरेच खाली असता. रेनडिअर आडवे आले तर हळू करून थांबा, मागे लागू नका, ते जंगलात मोकळे फिरले तरी प्रत्येकाला मालक असतो.

मध्ये थांबतात तेव्हा ड्रायव्हर बदलून घ्या. चालवणाऱ्याला गरम हँडल मिळतं पण दिसतो फक्त पुढचा लाल दिवा, जंगल दिसतं ते मागे बसलेल्याला, बर्फाच्या ओझ्याने वाकलेली स्प्रूसची सूचिपर्णी झाडं वगैरे.