उबुंटूचे अपडेट सर्व्हरपाशी अडकले तर

उबुंटू या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर बसवणारे साधन म्हणजे ॲप्ट. टर्मिनलमध्ये त्याची यादी ताजी करणारा 'सुडो ॲप्ट अपडेट' हा आदेश चालवल्यावर 'फेल्ड टू फेच' अशा ओळी येतात, खाली काही इंडेक्स फाइल (पॅकेजेसच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या याद्या) उतरल्या नाहीत असा इशारा येतो आणि ॲप्ट जुन्याच याद्यांवर काम भागवते. खरा धोका इथे आहे. त्यानंतर 'ॲप्ट अपग्रेड' दिले आणि शून्य पॅकेजेस दिसली, की मशीन अद्ययावत आहे असे वाटते. पण नवी यादीच उतरलेली नाही, त्यामुळे त्या शून्यावर विसंबू नका.

लगेच सर्व्हर बदलायला धावू नका. आधी एररची ओळ पूर्ण वाचा, निम्मे निदान तिथेच होते.

'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' असेल तर सर्व्हरचा दोष बहुधा नसतोच. नावावरून आयपी पत्ता मिळत नाही, म्हणजे गडबड डीएनएसची, नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची. १.१.१.१ ला पिंग जाते आणि उबुंटूच्या नावाला जात नाही, तर खात्रीच झाली. नेटवर्क सेटिंग्जमधल्या आयपीव्ही४ टॅबवर डीएनएसचे 'ऑटोमॅटिक' बंद करा, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू करा.

'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे पत्ता सापडला, पण पलीकडून उत्तर नाही. एररमधला सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. फोल्डरची यादी दिसायला हवी. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच करून बघा. हॉटस्पॉटवर चालले तर ऑफिसचा किंवा कॉलेजचा फायरवॉल आडवा येतो आहे. तिथल्या ॲडमिनकडे प्रॉक्सीचा (बाहेर जाण्यासाठीच्या मधल्या सर्व्हरचा) पत्ता मागा. दोन्हीकडे बंद असेल तर तो मिररच (उबुंटूच्या फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) बंद पडलेला असण्याची शक्यता जास्त. ब्राउझरमध्ये उघडते पण ॲप्टला मिळत नाही, असे असेल तर 'ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये जुन्या प्रॉक्सीची ओळ राहून गेली आहे का ते शोधा. हे फार वेळा निसटते.

'नेटवर्क इज अनरीचेबल' आणि शेजारी कोलनांनी भरलेला लांबलचक पत्ता दिसला, तर ॲप्ट आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवरून जायला बघते आहे. ॲप्टचा 'फोर्स आयपीव्ही४' (फक्त जुनी आयपीव्ही४ पद्धत वापरण्याचा) पर्याय ट्रू करून अपडेट पुन्हा चालवा.

मिररच पडला असेल तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडा. भारतात बसवलेल्या मशीनवर 'डाउनलोड फ्रॉम' समोर बहुधा भारताचा सर्व्हर असतो. तिथे 'मेन सर्व्हर' निवडा, खिडकी बंद करा आणि विचारल्यावर 'रिलोड' दाबा. 'अदर'मध्ये 'सिलेक्ट बेस्ट सर्व्हर' आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि आज वेगवान ठरलेला मिरर उद्या मागे पडू शकतो. हाताने बदलायचे तर २४.०४ पासून पत्ते 'उबुंटू डॉट सोर्सेस' या फाइलमध्ये असतात, त्याआधी 'सोर्सेस डॉट लिस्ट'मध्ये. आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

'४०४ नॉट फाउंड' आले तर सर्व्हर जिवंत आहे, फाइल तिथे नाही. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) नसलेल्या उबुंटू आवृत्तीला ९ महिनेच आधार मिळतो. पुढे तिची पॅकेजेस 'ओल्ड रिलीजेस' सर्व्हरवर हलवतात. तो पत्ता घातला तर याद्या उतरतील, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. तेव्हा तो फक्त पुढच्या आवृत्तीवर जाण्यापुरता वापरा.